रंभाजींची साखर

पाहुणे येणार त्या दिवशी सकाळीच मालनबाईंनी घरातल्या फेकण्याजोग्या वस्तू एकेक करून आतल्या खोलीत नेल्या. अडकित्ता गेला, पानाचा पितळी डबा गेला, खलबत्त्यातला बत्ता गेला. दाराशी टेकवलेली सासऱ्यांची काठी त्यांनी हळूच उचलली, तेव्हा बाजेवर बसलेले रंभाजी म्हणाले, "ती ऱ्हाऊ दे. चालायला लागती."

"तसं न्हाई मामा, झाडायचं हुतं."

"कसं हाय ते कळतंय मला."

एवढं बोलून ते गप्प बसले. मालनबाई तरी सवयीनं जागच्या जागी थोडा वेळ थांबल्या. सुरुंगाची वात कधी कधी उशिरानं पेटते.

'सुरुंग' हे रंभाजी हिवाळ्यांना वाडीनं दिलेलं नाव होतं. गवंडीकाम करत होते तोवर त्यांच्या थापीला जेवढा मान होता तेवढाच तिच्या उडण्याचा धाक होता. हात थकले, थापी खुंटीला लागली, पण राग काही निवृत्त झाला नाही. गेल्या उन्हाळ्यात नातीला, म्हणजे थोरल्या मुलाच्या, आसाराम गुरुजींच्या, कलाला बघायला आलेल्या पाहुण्याची टोपी त्यांनी सरळ विहिरीत भिरकावली होती. दुष्काळानं विहीर कोरडी होती म्हणून टोपी परत मिळाली. सोयरीक मिळाली नाही.

त्या दिवशी कला रडली नाही. आजोबांसमोर येऊन म्हणाली, "बाबा, माझं लग्न आता तुमच्या रागाशीच लावून टाका. पोरगी घरातल्या घरात राहील."

हे वाक्य रंभाजींच्या काळजात पाचरीसारखं बसलं. पावसाळा तसाच कोरडा गेला, नाताळ झाला, आणि नव्या वर्षाच्या उपासनेनंतर ते एकटेच पाळकसाहेबांच्या मागं उभे राहिले. म्हणाले, "साहेब, माझ्यातलं हे काढा." पाळकसाहेब म्हणाले, "मी कोण काढणार? तुम्ही रोज पहाटे प्रभूसमोर गुडघे टेका. राग आलेला नसतानाही टेका. तहान लागल्यावर विहीर खणून भागत नाही. आणि राग आलाच तर तिथून उठायचं, एकटं व्हायचं, त्याच्याशी बोलायचं, निवळलं की परत यायचं."

तेव्हापासून रंभाजी रोज तांबडं फुटायच्या आधी गोठ्यामागच्या भिंतीशी गुडघे टेकत. पहिले काही दिवस त्यांची प्रार्थना म्हणजे नुसती फिर्यादच होती. कोण काय बोललं, कोणी चहा गार दिला, चर्चमध्ये कोण मुद्दाम पुढं बसलं, हे सगळं ते देवाच्या कानावर घालत. हळूहळू फिर्याद आटली. मग बोलायला काही उरेना, तेव्हा ते नुसतेच गुडघे टेकून बसत. पण नव्या वर्षापासून घरातलं एकही भांडं उडालं नव्हतं, आणि एवढी शांतता मालनबाईंना सोसवत नव्हती.

"आज एवढा दिवस निघाला म्हंजे झालं," त्या चुलीपाशी पुटपुटल्या.

"निघंल," सासूबाई छबूबाई म्हणाल्या. त्यांचं बोलणं नेहमी एवढंच असे.

पाहुणे दोघंच आले. दुष्काळात कुणाच्या दारी गाडीभर माणसं नेऊन बसवणं बरं दिसत नाही, असं बनुबाई त्रिभुवनांचं मत होतं, आणि बनुबाईंना प्रत्येक गोष्टीवर मत होतं. भावाच्या मागं त्यांनीच पुणतांब्याला त्याच्या मुलाला लहानाचं मोठं केलं. श्रीमंत त्याचं नाव. तो आता नागापूरच्या कारखान्यात फिटर होता, पगार बरा, व्यसन नाही, बोलणं कमी. आत्याबरोबर वाढल्यावर बोलायची सवय कुणाला लागणार!

सलाम झाला, पाणी झालं. बनुबाईंनी ओसरीवर बसून घर नजरेखालून घातलं आणि समोरच्या भिंतीवर डोळे रोखले.

"ही भित जरा भाईर आल्यावानी वाटती. नवशिक्या गवंड्याकडनं बांधून घेतली का काय?"

ती भिंत रंभाजींनी आसारामच्या जन्माच्या वर्षी स्वतःच्या हातानं रचली होती. त्यांचा राग तळपायापासून चढायचा. आता तो पोटऱ्यांपर्यंत आला. त्यांनी काठी उचलली, आणि धाकटा मुलगा छगन नकळत बाजूला सरकला.

"आलो," रंभाजी म्हणाले आणि गोठ्यामागं निघून गेले.

परत आले तेव्हा त्यांच्या कपाळाला भिंतीची माती लागलेली होती. खाली बसत ते म्हणाले, "भित मीच बांधलीया. वरच्या अंगाला सुटली खरी जराशी."

छबूबाईंच्या हातातली चहाची किटली तशीच थांबली. एवढ्या संसारात नवऱ्यानं भिंत सुटल्याचं कबूल केलेलं त्यांनी ऐकलं नव्हतं.

बनुबाईंच्या मनात वाईट काही नव्हतं. दिसलं ते बोलायचं, एवढाच त्यांचा धर्म. चहा पिता पिता त्यांना म्हैस दिसली. "म्हस लईच हाडाडली वो. घोडेगावच्या बाजारात न्या, पर कुनी फुकट घेतली तरी नशीब म्हना."

"आलो," रंभाजी उठले.

ते परत येऊन बसले, मग कला पोह्यांच्या बशा घेऊन बाहेर आली. बनुबाईंनी तिला उजेडात उभं केलं, वरपासून खालपर्यंत पाहिलं, दोन-चार प्रश्न विचारले, त्यात ती शाळेत शिकवते हे कळलं. "रंग सावळाच हाय. पर दात चांगलेत. शाळंत पोरांना मारती का गं?"

"गरज पडली तर," कला म्हणाली.

श्रीमंतनं पहिल्यांदा मान वर करून तिच्याकडे नीट पाहिलं. पण ते बघायला रंभाजी तिथं नव्हते. "रंग सावळाच" हे शब्द कानावर पडताच ते धोतराचा सोगा हातात धरून जवळजवळ पळतच गेले होते.

बनुबाई त्यांच्या पाठमोऱ्या आकृतीकडे बघत राहिल्या. त्यांच्या मनात एक जुनी कळ उठली. त्यांचे मालक असेच बसल्या जागेवरून उठायचे, असेच घाईनं आडोशाला जायचे, आणि कुणी विचारलं तर काही नाही म्हणायचे. पुढं पायाला जखम झाली, ती चिघळली, आणि त्यात ते गेले. लग्नाआधीपासून साखर होती. सासरच्यांनी ती लपवली होती.

बनुबाई उठून सरळ स्वयंपाकघरात आल्या आणि मालनबाईंच्या कानाशी लागल्या. "इहीनबाई, तुमच्या सासऱ्यांना साखर हाय ना?"

"अं?"

"लपवू नगा. मी भोगलंय. कवापासनं हाय ते सांगा, आनि पोरीला तर न्हाई ना, तेवढं सांगा."

मालनबाईंनी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि तसंच ठेवलं. 'साखर नाही' म्हणावं तर 'मग सारखे जातात कुठं' हा प्रश्न आलाच. 'हाय' म्हणावं तर रोगाचं घराणं ठरतं. "ह्यांना इचारते," म्हणून त्या परसात पळाल्या.

परसातल्या रिकाम्या रांजणाशी घाईघाईनं घरची बैठक बसली.

"साखर म्हणून सांगा," आसाराम गुरुजी लगेच म्हणाले. ते चर्चच्या मंडळीचे सेक्रेटरी होते आणि चारचौघांत कसं दिसेल याचा विचार त्यांच्या मनात कायम जागा असे. "मधुमेह हा प्रतिष्ठित आजार आहे. मोठमोठ्या लोकांना असतो. राग म्हटलं की संपलं. टोपीची गोष्ट राहुरीपर्यंत गेली आहे."

"दादा, साखर रक्तात उतरती," छगन म्हणाला. तो नगरला टेम्पो चालवायचा आणि त्याला गंभीर चेहरा जमत नसे. "उद्या म्हनतील, पोरीची लघवी तपासून आना."

"मग काय सांगावं?" मालनबाई नवऱ्याकडून दिराकडे सरकल्या. "छगनभावजींचं बराबर हाय. म्हातारपन सांगू. पोट बिघडलंय सांगू."

"पोट बिघडलं तर जेवायला कसे बसतील?" गुरुजींनी विचारलं.

"खरं सांगा," छबूबाई म्हणाल्या.

सगळ्यांनी त्यांच्याकडे पाहिलं.

"राग हाय म्हनावं. त्यो आला की प्रार्थना कराया जात्यात म्हनावं. त्यात लाजायचं काय?"

"आई, तू यात पडू नकोस," गुरुजी म्हणाले. छबूबाई पडल्या नाहीत. आजवर त्या कशातच पडल्या नव्हत्या. मालनबाईंना क्षणभर सासूच्या बाजूला जावंसं वाटलं, पण तेवढ्यात बनुबाईंचा आवाज आला, "काय ठरलं वो?" आणि त्यांचा धीर सुटला. "तुमीच सांगा," म्हणून त्यांनी नवऱ्याला पुढं ढकललं.

गुरुजींनी उपरणं सारखं केलं, ओसरीवर गेले आणि शाळा तपासायला आलेल्या साहेबाशी बोलावं तसे म्हणाले, "अगदी किंचित आहे. पथ्यावर आहेत. आणि ती त्यांच्या आईकडून आलेली, आमच्याकडे उतरलेली नाही."

खोटं एवढं सफाईनं निघालं की त्यांचं त्यांनाच कौतुक वाटलं.

जेवायला बसले तेव्हा रंभाजींना यातलं काहीच माहीत नव्हतं. ते मनातून खूश होते. तीनदा पेटलेली वात तीनदा विझवून ते आले होते. ताटात कोंबडीचा रस्सा होता, भाकरी होती, आणि रेशनची साखर साठवून साठवून केलेला शिरा होता. शिरा हा रंभाजींचा जीव. गुरुजींनी जेवणाची प्रार्थना केली. ती त्यांच्या नेहमीच्या प्रार्थनेसारखीच लांब होती. मंत्रिमंडळापासून पाऊसपाण्यापर्यंत सगळं तीत आलं आणि शेवटी अन्न आलं.

आमेन झाल्याबरोबर बनुबाईंनी हात लांब करून रंभाजींच्या ताटातली शिऱ्याची वाटी उचलली आणि श्रीमंतपुढं ठेवली.

"तुमाला इख हाय ते," त्या मायेनं म्हणाल्या.

"काय इख हाय?"

"आता माज्यापासनं काय लपवता? गुरुजींनी सांगितलंय समदं. रोज सकाळी कारल्याचा रस घ्या. आनि पायाला जपा."

रंभाजींनी आसारामकडे पाहिलं. गुरुजी भाकरीकडे बघत होते, जणू तिच्यावर उद्याचा पाठ लिहिलेला होता. त्या खाली घातलेल्या मानेकडे बघताना रंभाजींना सगळं कळलं. आपल्या नावावर, आपल्या मेलेल्या आईच्या नावावर, आपल्या घरात, मंडळीच्या सेक्रेटरीनं खोटं सांगितलं होतं. बाहेरच्या माणसाचा राग तळपायापासून चढायचा. पोटच्या पोराचा राग वरूनच कोसळला.

तरी ते उठले. तरी म्हणाले, "आलो."

"जाऊ द्या, जाऊ द्या, वाट सोडा त्यांना," बनुबाई सगळ्यांना म्हणाल्या. "धरून ठेवलं की आनखी वाईट!"

छगनला हसू आवरलं नाही. त्याच्या नाकातोंडातून रस्सा उडाला.

मालनबाईंनी आत नेऊन ठेवलेल्या वस्तूंत तांब्या नव्हता. जेवायला बसलेल्या माणसांपुढचा तांब्या कोण काढणार? तो भरलेला तांब्या रंभाजींच्या हातून सुटला, अर्धं पाणी बनुबाईंच्या खांद्यावर सांडत गेला, चौकटीवर आपटला आणि अंगणातल्या फरशीवरून ठणाठणा वाजत पार म्हशीपर्यंत गेला.

"साखर न्हाई मला!" रंभाजी गरजले. "राग हाय, राग! भाईर जातो त्यो लघवीला न्हाई जात! देवापुढं रडाया जातो, की बाबा, ह्या बाईच्या अंगावर माजा हात जाऊ देऊ नगंस! इचारा ह्यांना! समद्या वाडीला इचारा!"

मग आवाज थांबला. बनुबाईंच्या पदरातून पाणी ठिबकत होतं. कलानं डोळे मिटून घेतले होते. गुरुजींचा घास हातातच होता.

छबूबाई चुलीपासून उठल्या. चौकटीला धरून, एका गुडघ्यावर भार देऊन त्या उठल्या आणि तांब्या आणायला निघाल्या. प्रत्येक स्फोटानंतर त्या अशाच उठत आल्या होत्या. थापी असो, ताट असो, टोपी असो. उडालेलं गोळा करून जागेवर ठेवणं हे घरातलं त्यांचं काम, झाडलोटीसारखंच. रंभाजींनी आजवर कधी ते पाहिलंच नव्हतं. फेकून झालं की ते तोंड फिरवून बसायचे.

आज त्यांचं तोंड त्याच बाजूला होतं. त्यांना चौकटीवरचा तो हात दिसला, दुखरा गुडघा दिसला.

"बस," ते म्हणाले.

"अवं, तांब्या पडलाय."

"बस म्हनतो ना. मी फेकला, मी आनतो."

ते अंगणात गेले. आता हे गोठ्यामागं जाणार आणि लवकर काही येणार नाहीत, असंच सगळ्यांना वाटलं. पण ते लगेच परत आले. तांब्याला मोठा पोचा आला होता. तो त्यांनी हळूच जमिनीवर ठेवला.

"बाई, तुमाला भिजवलं. चूक झाली माजी," ते बनुबाईंना म्हणाले. मग स्वयंपाकघराच्या दाराकडे वळले. पाहुण्यांसमोर, सुनेसमोर, पोरांसमोर त्यांनी बायकोला नावानं हाक मारली. "छबू, तुजी बी माफी मागतो. आजच्या एकल्या दिसाची न्हाई."

छबूबाईंनी पदर डोक्यावर पुढं ओढला. भिंतीकडे बघत त्या म्हणाल्या, "भाकरी गार व्हाया लागली," आणि आत गेल्या.

बनुबाईंनी पदर पिळला. रागवावं की काय करावं, हे त्यांना सुचेना. समोरच्या माणसानं आधीच माफी मागून टाकली होती आणि त्यांना याचा सराव नव्हता.

"म्हंजे साखर न्हाई?" त्यांनी विचारलं.

"नाही," गुरुजी म्हणाले. त्यांचा आवाज शाळेतल्या शिक्षा झालेल्या पोरासारखा झाला होता. "मी खोटं बोललो. दिसायला बरं दिसावं म्हणून."

"आनि ते भाईर जाऊन काय म्हनायचे? माज्याबद्दल?"

रंभाजी जरा घुटमळले. पण आता मागं फिरण्यात अर्थ नव्हता. "पैल्या बारीला म्हनलो, प्रभू, ह्या बाईचं तोंड बंद कर. दुसऱ्या बारीला बी तेच."

"आनि तिसऱ्या?"

"तिसऱ्या बारीला म्हनलो, ते जमत नसंल तर माजं तरी बंद कर."

श्रीमंतच्या तोंडून हसू फुटलं. आत्यासमोर तो एवढ्या मोठ्यानं कधी हसला नव्हता. बनुबाईंनी त्याच्याकडे डोळे वटारले, पण तो थांबेना. मग त्यांनी मोर्चा कलाकडे वळवला.

"पोरी, तुला येतो का गं राग? आज्जावानी?"

मालनबाई मागून 'नाही म्हण' अशी मान हलवत होत्या. कलानं आईकडे पाहिलं, आजोबांकडे पाहिलं. "येतो. आत्ता डोळे मिटले होते ना, तेव्हाही आला होता."

"कुनाचा?"

"तुमचा."

"मग काय केलंस?"

"प्रार्थना केली."

"काय म्हनलीस?"

"तुमचं जेवण लवकर आटपावं म्हणून."

बनुबाईंचं पोट हलायला लागलं, आणि ओला पदर तोंडाला लावून त्या अशा हसल्या की त्यांना ठसका लागला. पाणी द्यायला तांब्यात पाणीच नव्हतं. कलानं धावत आतून पेला आणला.

"माज्या सासरच्यांनी मला काय बी सांगितलं न्हवतं," पाणी पिऊन त्या म्हणाल्या. आवाज खाली आला होता. "इथं तर फेकून दाखवलं. पोरगी मला पसंत हाय. श्रीमंत, तुला?"

"मला ती मघाशीच पसंत होती," श्रीमंत म्हणाला.

"कवा?"

"शाळेत पोरांना मारण्याचं म्हणाली तेव्हा."

चारच्या एस.टी.नं पाहुणे गेले. छगन त्यांना फाट्यापर्यंत सोडून आला. घरात आनंद व्हायला हवा होता, आणि मालनबाईंना झालाही होता. पण रंभाजी उंबऱ्यावर पोचा आलेला तांब्या घेऊन बसले होते. इतक्या पहाटा गुडघे टेकून शेवटी तांब्या उडालाच, याचं त्यांना फार लागलं होतं. आसाराम त्यांच्या शेजारी येऊन बसला. बापाशेजारी असा तो लहानपणानंतर कधी बसला नव्हता.

"सकाळी मीही येतो," तो म्हणाला. "प्रार्थनेला. तुमच्याबरोबर."

"तू तर रोज मोठमोठी करतोस की."

"ती लोकांना ऐकू जावी म्हणून असते बाबा."

रंभाजींनी त्याच्याकडे पाहिलं. "मग जरा लांब बस. मला पुटपुटायला लागतं," ते म्हणाले.

दिवेलागणीला घरची प्रार्थना झाली. सगळे ओसरीवर बसले. रोज गुरुजी प्रार्थना करायचे, आज रंभाजी म्हणाले, "आज तुजी आई करंल."

छबूबाईंनी एवढ्या वर्षांत तोंडानं कधी प्रार्थना केली नव्हती. नेमानं आमेन मात्र म्हणत आल्या होत्या. त्या नको म्हणतील असं वाटलं. पण त्यांनी डोळे मिटले आणि हात जोडले.

"देवा," शेवटी त्या म्हणाल्या, "पोरीचं जमलं. तुजे उपकार."

सगळ्यांना वाटलं, संपलं. छगननं आमेनसाठी तोंड उघडलं.

"आनि ह्यांनी माजी माफी मागितली. तवापासनं मला काय तरी व्हतंय देवा. मला वाटलं बरं वाटंल. पर मला तर राग आलाय. लई राग आलाय. आजवर कुटं हुता काय म्हाईत. आसाराम पोटात हुता तवा ह्यांनी माजं वाढलेलं ताट उडवलं, त्ये आठवलं. माजा भाऊ आला हुता, त्याला उपाशी लावला, त्ये आठवलं. मी हिरवं लुगडं घेतलं, तर तुज्यापरीस आपल्या भितीला हिरवा रंग चांगला दिसला आसता म्हनाले, त्ये बी आठवलं."

मालनबाईंनी एक डोळा उघडला. सासरे मान खाली घालून बसले होते. हात जोडलेले होते आणि कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. त्यांनी मुकाट्यानं मांडी मोडली, बाजेचा आधार घेतला आणि सगळ्यांसमोर जमिनीवर गुडघे टेकले.

छबूबाईंचे डोळे मिटलेलेच होते. आवाज चढलेला नव्हता. एकेक गोष्ट त्या निवडून, झटकून बाहेर काढत होत्या, जणू पेटीच्या तळाचे कपडे उन्हात घालायला काढले होते. तांदूळ झाले, लुगडं झालं, मोडलेली पाटी झाली, मेलेल्या सासूचा एक टोमणा झाला. कला हसता हसता रडत होती. छगनसुद्धा हसत नव्हता.

मध्येच छबूबाई थांबल्या. नाक ओढून चुलीवरच्या भाजीचा वास घेतला.

"अजून लई हाय देवा," त्या म्हणाल्या. "पर कोरड्यास लागतंय चुलीवर. ऱ्हायलेलं उद्या सांगते. आमेन."